दार, हूक आणि चार मिलिमीटर : वॉशिंग मशीन दुरुस्तीच्या नोंदी

१३ जुलै २०२४, शनिवार (पुणे)

घरातले समोरून दार असलेले सात किलोचे वॉशिंग मशीन नऊ वर्षांचे आहे. आज सकाळी कपडे भरून, दार लावून सुरू करण्याचे बटण दाबले, तर नेहमी तीन-चार सेकंदांत येणारा ‘टक’ आवाज आला नाही आणि पाणीही सुरू झाले नाही. दहाएक सेकंद थांबून मशीनने पुन्हा प्रयत्न केला, तिसऱ्या प्रयत्नानंतर पडद्यावर दाराच्या बिघाडाचा संकेत लुकलुकू लागला. मशीनचा प्लग काढून पाच मिनिटांनी परत लावला. फरक पडला नाही.

ऐन पावसाळ्यात मशीन बंद असणे म्हणजे धुण्यापेक्षा पिळण्याची पंचाईत जास्त. हाताने पिळलेली चादर बाल्कनीत तीन दिवस ओलीच राहते आणि मग तिला कुबट वास येतो. म्हणून हे काम लांबवायचे नाही आणि काय केले ते रोजच्या रोज लिहून ठेवायचे, असे ठरवले. पूर्वी मिक्सर दुरुस्त करताना कोणती वायर कुठे होती हे लिहून न ठेवल्याने झालेला घोळ अजून लक्षात आहे.

१४ जुलै, रविवार

आधी साध्या गोष्टी पाहिल्या. लहान मुलांसाठी असलेले बटणांचे कुलूप चालू नव्हते. दाराभोवतीच्या रबराच्या घडीत एक पायमोजा आणि दोन रुपयांचे नाणे सापडले, पण ते काढूनही दार लॉक झाले नाही. दाराचा हूक पत्र्यावरच्या ज्या खाचेत शिरतो तिच्यात साबणाचा थर होता, तो जुन्या दात घासायच्या ब्रशने आणि कोमट पाण्याने काढला. हूक बोटाने दाबून पाहिला. त्याची स्प्रिंग शाबूत आहे, दाबल्यावर तो लगेच जागेवर येतो.

त्यानंतर रिकाम्या मशीनवर दहा वेळा दार लावून पाहिले. नुसते लावल्यावर एकदाही लॉक झाले नाही. गुडघ्याने दाबून धरल्यावर दहापैकी तीनदा लॉक झाले आणि त्या तिन्ही वेळा मशीन पुढे व्यवस्थित चालले. यावरून एवढे नक्की म्हणता येते की मोटर, पाण्याचा व्हॉल्व्ह आणि पंप यांच्यात दोष नाही. गाडे दारापाशीच अडले आहे.

१५ जुलै, सोमवार

ओळखीतून एक मेकॅनिक बोलावला. त्याने पडद्यावरचा संकेत पाहिला, दार दोनदा आपटून लावले आणि ‘बोर्ड गेलाय’, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बिघडलाय, असे सांगितले. नवा बोर्ड ८४०० रुपये, शिवाय मजुरी वेगळी. मागचे झाकण उघडले नाही, मीटर पिशवीतून बाहेरही काढला नाही. येण्याचे ३५० रुपये देऊन त्याला निरोप दिला.

बोर्ड जात नाही असे नाही. पण जो बोर्ड तीनदा दार लॉक करू शकतो आणि मग पूर्ण धुलाई पार पाडतो, तो एवढ्या लहरीपणे बिघडला असेल हे पटत नाही.

१७ जुलै, बुधवार (आषाढी एकादशी)

सुटी असल्याने आज लॉक बाहेर काढले. प्लग काढला, नळ बंद केला. दाराच्या रबराला बाहेरून एक तारेचे कडे असते, त्याला खालच्या बाजूला छोटी स्प्रिंग असते. ती चपट्या स्क्रू ड्रायव्हरने ताणून कडे काढले आणि रबराची उजवी बाजू पत्र्याच्या ओठावरून सोडवून ड्रमकडे ढकलली. लॉक समोरच्या पत्र्याला दोन स्क्रूंनी बसवलेले असते. त्यांची डोकी चांदणीच्या आकाराची असल्याने साधा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही, टी-२० लागतो. लॉक हातात आल्यावर वायरी काढण्याआधी फोटो काढला.

या लॉकचे काम कसे चालते ते लिहून ठेवतो, कारण पुढचा सगळा तपास त्यावर अवलंबून आहे. लॉकच्या आत प्लॅस्टिकची एक सरकपट्टी असते. दार लावताना हूक आत शिरतो आणि या पट्टीला बाजूला ढकलतो. पट्टी पूर्ण सरकली की तिच्यातले भोक एका छोट्या खिळीच्या बरोबर समोर येते. या खिळीला हलवणारी द्विधातूची (दोन धातू जोडलेली, तापली की वाकणारी) पट्टी असते, आणि तिला तापवायला सिरॅमिकची एक गोल चकती असते, जिला पीटीसी म्हणतात. बोर्डाने चकतीला २३० व्होल्ट दिले की ती तापते, द्विधातूची पट्टी वाकते, खिळी भोकात शिरते आणि सरकपट्टी अडकून दार लॉक होते. त्याच हालचालीत आतला विद्युत संपर्कही जुळतो. तो जुळला तरच बोर्डाला दार लॉक झाल्याचे कळते आणि पुढचा वीजपुरवठा मिळतो. तीन सेकंदांनी येणारा ‘टक’ आवाज तो हाच.

या चकतीची गंमत अशी की ठरावीक तापमानाच्या वर तिचा रोध एकदम अनेक पटींनी वाढतो, त्यामुळे तिच्यातून जाणारी वीज आपोआप कमी होते आणि दोन तासांच्या धुलाईत सतत चालू राहूनही ती जळत नाही. धुणे संपल्यावर दार लगेच उघडत नाही त्याचे कारणही तेच : चकती थंड होऊन पट्टी सरळ व्हायला मिनिट-दीड मिनिट लागते. लोक त्या वेळात दाराला हिसके देतात आणि मूठ मोडून घेतात.

एवढ्या बंदोबस्ताची गरज काय, हे आकड्यांत पाहिले तर कळते. आमच्या ड्रमचा व्यास ४७ सेंटिमीटर आहे. पिळताना मिनिटाला १००० फेरे होतात, म्हणजे ड्रमची कड ताशी सुमारे ८८ किलोमीटर वेगाने फिरते आणि कपड्यांवर त्यांच्या वजनाच्या सुमारे २६० पट जोर येतो. अशा वेळी दार उघडता येऊ नये आणि दार उघडे असताना ड्रम फिरू नये, यासाठी हे लॉक असते. म्हणूनच त्याच्या दोन वायरी परस्पर जोडून मशीन चालवण्याचा जो ‘जुगाड’ काही जण सुचवतात, तो मी करणार नाही.

मोजमाप : चकतीच्या दोन टोकांमध्ये थंड असताना ११०० ओहम. तुटलेली असती तर मीटरने अनंत रोध दाखवला असता, त्यामुळे चकती शाबूत. संपर्काची टोके मोकळी आहेत, जी थंड अवस्थेत तशीच असायला हवीत. यानंतर वायरी पुन्हा जोडल्या, लॉक परत पत्र्याला कसले, मीटरच्या टोकांना सुसरीच्या जबड्यासारखे चिमटे लावून ते कनेक्टरच्या मागच्या बाजूने अडकवले, हात बाजूला घेतले आणि मगच प्लग लावला. या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे, तरीही उघड्या मशीनमध्ये वीज चालू असताना हात घालायचा नाही हा नियम पाळला.

बटण दाबण्याआधी मीटरवर ३८ व्होल्ट दिसले तेव्हा जरा दचकलो. बोर्डावरचा ट्रायॅक (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बंद असतानाही किंचित वीज झिरपू देतो आणि डिजिटल मीटर अशी भुताटकी दाखवतो, हे नंतर आठवले. बटण दाबल्यावर २३४ व्होल्ट आले आणि दहाएक सेकंद टिकले. म्हणजे बोर्ड आपले काम चोख करत आहे. त्या वेळात संपर्क मात्र जुळला नाही.

निष्कर्ष : वीज येते, चकती ठीक आहे, संपर्क जुळत नाही. म्हणजे लॉकच्या आतला संपर्क किंवा द्विधातूची पट्टी थकली असावी. नवे लॉक आणायचे.

२० जुलै, शनिवार

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास चार दुकाने फिरलो. गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ गेला तेवढा खरेदीत गेला नाही. प्रत्येक दुकानदाराचा पहिला प्रश्न एकच : “जुना पीस आणलाय का?” आणला होता. बाहेरून सारखी दिसणारी लॉक वेगवेगळ्या मशीनची असू शकतात, आणि तीन टोकांपैकी कोणते कशाचे याचा क्रम बदललेला असला तर घोटाळा होतो, म्हणून दुकानातच दोन्ही शेजारी ठेवून टोकांच्या खुणा जुळवून घेतल्या. किंमत ६५० रुपये.

संध्याकाळी नवे लॉक बसवले. दहा वेळा दार लावले. नुसते लावल्यावर एकदाही लॉक झाले नाही. गुडघ्याने दाबल्यावर चारदा झाले.

थोडक्यात, ६५० रुपये आणि एक शनिवार खर्ची घालून मी दहापैकी तीनवरून चारवर पोहोचलो.

२१ जुलै, रविवार

नवे आणि जुने लॉक सारखेच वागत असतील तर दोष लॉकमध्ये नाही, हे उघड आहे. पण जुन्याला निर्दोष ठरवण्याआधी दोन्ही टेबलावर तपासायची ठरवली. शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून सिरीज बोर्ड आणला. साठ वॅटचा जुना तारेचा बल्ब आणि त्याच्या पाठोपाठ लॉकची चकती अशी जोडणी केली; चुकून कुठे शॉर्ट झालेच तर बल्ब पूर्ण पेटेल आणि त्याहून जास्त काही होणार नाही. टोकांवर रबरी बाह्या चढवल्या आणि लॉक लाकडी पाटावर ठेवले.

पहिल्यांदा जुन्या लॉकची सरकपट्टी स्क्रू ड्रायव्हरने शेवटपर्यंत ढकलून धरली आणि स्विच चालू केला. बल्बची तार तांबूस झाली, तीन सेकंद तशीच राहिली, मग चकती तापत गेली तशी हळूहळू विझत गेली. पाचव्या सेकंदाला स्पष्ट ‘टक’. मीटरवर संपर्क जुळलेला. बंद केल्यावर सुटायला ७० सेकंद लागले. पाच वेळा केले, पाचही वेळा तसेच झाले. म्हणजे जुने लॉक ठणठणीत आहे आणि १७ तारखेचा माझा निष्कर्ष चुकला होता.

मग सरकपट्टी शेवटपर्यंत न ढकलता अंदाजे एक मिलिमीटर अलीकडे धरली. बल्ब तसाच तांबूस झाला, तसाच विझला. ‘टक’ मात्र आलाच नाही. कान जवळ नेल्यावर आत खिळी भोकाच्या काठावर टेकल्याची बारीक करकर ऐकू आली. मशीनवर होते आहे ते नेमके हेच. वीज येते, चकती तापते, खिळी वर येते, पण भोक समोर नसल्याने ती आत शिरत नाही. हूक पट्टीला पूर्ण ढकलत नाही, एवढाच काय तो दोष. लॉक वीजेवर चालते म्हणून मी वीजच मोजत बसलो होतो.

दुपारी आई साताऱ्याहून, ताईकडून आली. ती १० तारखेपासून तिकडे होती. मशीन बंद असल्याचे तिला माहीत नव्हते, कारण फोनवर कुणी बोललेच नव्हते. मी रबर आणि लॉक परत बसवून हात धुवायला गेलो, तेवढ्यात तिने प्रवासातल्या साड्या भरल्या, दार लावले, बटण दाबले, आणि ‘टक’.

मी धावत बाहेर आलो. “कसं लावलंस?”

“कसं म्हणजे? जरा उचलून लावायचं. पावसाळ्यात वाड्याचं दार नाही का आपण उचलून लावायचो? हे तर केव्हापासून असंच आहे.”

‘केव्हापासून’ म्हणजे किमान संक्रांतीपासून, असे चौकशीत निघाले. मशीन लावायचे काम घरात तिचेच असते, त्यामुळे दार खाली झुकल्याचे इतर कुणाला कळण्याचा प्रश्नच आला नाही. ती गेली आणि तीन दिवसांत मशीन ‘अचानक’ बिघडले.

१४ तारखेची नोंद पुन्हा वाचली. मी ‘गुडघ्याने दाबून’ असे लिहिले आहे. मशीन जमिनीवर आहे आणि दार गुडघ्याच्या जरा वर येते. म्हणजे माझा गुडघा दाराच्या खालच्या कडेला लागत होता आणि दाबण्याबरोबर दार उचललेही जात होते. खात्रीसाठी आता दोन वेगवेगळे प्रयोग केले. तळहाताने सरळ आत दाबले, न उचलता : दहापैकी शून्य. दोन बोटांनी फक्त उचलले, न दाबता : दहापैकी दहा. आठवड्यापूर्वी ‘दाबून’ हा शब्द लिहिताना जरा थांबलो असतो तर तपकीर गल्लीची चक्कर वाचली असती.

मग टॉर्च घेऊन पत्र्यावरची खाच नीट पाहिली. खाचेच्या खालच्या कडेवर हुकाने घासून नखाएवढा चकचकीत पट्टा पडला आहे आणि त्याच्या खाली, रबराच्या वळीत, पांढऱ्या प्लॅस्टिकचा बारीक चुरा साचला आहे. वरच्या कडेला काहीच खूण नाही. १४ तारखेला मी याच खाचेतून ब्रश फिरवला होता आणि हा चुरा साबणाचा समजून पुसलाही होता.

दार उघडे ठेवून मुठीकडून वर-खाली हलवले. मुठीपाशी सुमारे चार मिलिमीटर खेळ, म्हणजे ढिलेपणा, आहे. बिजागरीपाशी पाहिले तर वरच्या पिनेभोवतीचे प्लॅस्टिकचे बुश (पीन जिच्यात फिरते ती छोटी नळी) झिजून अंडाकृती झाले आहे आणि तिथला खेळ मात्र जेमतेम एक मिलिमीटर. एकाचे चार कसे होतात याचा हिशेब सोपा आहे : बिजागरीच्या दोन पिनांमधले अंतर ८ सेंटिमीटर आणि तिथून हुकापर्यंतचे अंतर ३२ सेंटिमीटर, म्हणजे वरची पीन एक मिलिमीटर बाहेर सरकली की हूक चौपट खाली येतो. चार मिलिमीटर खाली आलेला हूक आधी खाचेच्या काठावर चढतो आणि मग सरकपट्टीला पोटाने नव्हे तर टोकाने ढकलतो. शेवटचा मिलिमीटर तिथेच हरवतो.

२५ जुलै, गुरुवार

आज बिजागरी आणायला जाणार होतो. रात्रभर मुसळधार पाऊस, खडकवासला धरणातून मोठा विसर्ग, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरले. घराबाहेर पडलो नाही. मशीन आईच्या पद्धतीने चालू आहे.

२८ जुलै, रविवार

काल बिजागरी मिळाली. सुटे बुश कुणी देत नाही, पूर्ण बिजागरी घ्यावी लागते, ७८० रुपये.

बसवताना एक घोटाळा झाला, तो पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवतो. बिजागरीचे स्क्रू पत्र्यात थेट कसलेले नसतात. पत्र्याच्या मागे एक लोखंडी पट्टी असते आणि आटे तिच्यात असतात. मी दोन्ही स्क्रू एकदम काढले आणि ती पट्टी ‘खण्’ करून मशीनच्या पोटात पडली. डावीकडचे रबर सोडवून, स्पीकरचे जुने चुंबक दोरीला बांधून, ते ड्रम आणि पत्र्याच्या फटीतून खाली सोडून पट्टी काढायला पाऊण तास गेला. विहिरीत पडलेली कळशी गळाने काढावी तसाच प्रकार. योग्य पद्धत अशी की एक स्क्रू काढून त्या जागी लांब स्क्रू सैल अडकवायचा, म्हणजे पट्टी लटकून राहते, आणि मगच दुसरा काढायचा.

दाराची दोन वर्तुळाकार अंगे सुटी करताना काचेचा वाडगा सैल होतो. दार उताणे, जाड टॉवेलवर ठेवूनच हे काम करावे. जुन्या बिजागरीचे वरचे बुश हातात घेऊन पाहिले : एका बाजूची भिंत जवळजवळ संपलेली, कागदासारखी पातळ, दुसरी बाजू नवी असल्यासारखी. खालच्या बुशात झीज उलट बाजूला. दारावर सतत खाली ओढणारा भार पडला की वरची पीन बाहेर खेचली जाते आणि खालची आत दाबली जाते, त्याचा हा हिशेबशीर पुरावा.

नवी बिजागरी लावल्यावर मुठीपाशी खेळ अर्ध्या मिलिमीटरहून कमी. हूक खाचेच्या मध्यात शिरतो, कडेला लागत नाही. पत्र्याच्या मागे जुनेच लॉक बसवले आहे, कारण त्याला निवृत्त करण्याचे काहीच कारण उरले नव्हते. नवे डब्यात घालून माळ्यावर ठेवले. नुसते दार लावून वीस वेळा चाचणी घेतली : वीसपैकी वीस. त्यानंतर चादरींची एक पूर्ण धुलाई, ‘टक’ साडेतीन सेकंदांनी, दार उघडायला ७५ सेकंद.

खर्च : मेकॅनिक ३५०, लॉक ६५०, बिजागरी ७८०. खऱ्या दोषाला लागले ते शेवटचे ७८०.

४ ऑगस्ट, रविवार

दारावर खाली ओढणारा भार कोणाचा, हा प्रश्न राहिला होता. आमच्याकडे दारावर चढून लोंबकळणारे लहान मूल नाही. ओले कपडे दारावर टाकण्याची सवय कुणाला नाही. आठवडाभर नुसते पाहत राहिलो. आई मशीनसमोर पाटावर बसून कपडे काढते, बादली भरते आणि उठताना उजवा हात आधाराला टेकते तो उघड्या दाराच्या कडेवर. तिचे वजन ५४ किलो आहे. त्यातले एक-तृतीयांश जरी हातावर आले, तरी बिजागरीपासून फूटभर लांब टांगलेले १८ किलो रोज एकदा, कधी दोनदा, होतात. प्लॅस्टिकच्या बुशाने नऊ वर्षे काढली हेच खूप.

तिला ‘दाराला धरू नकोस’ असे सांगण्यात अर्थ नव्हता, कारण गुडघे दुखतात म्हणून ती धरते. काल मशीनच्या उजव्या हाताच्या भिंतीत दीड फूट लांबीची स्टीलची आधारदांडी बसवली. टाइल फोडू नये म्हणून आधी कमी वेगाने, ठोक्याशिवाय ड्रिल फिरवून टाइलला भोक पाडले आणि नंतरच आतल्या विटेत ठोका चालू केला. मी स्वतः लोंबकळून पाहिले. पाटाऐवजी प्लॅस्टिकचे उंच स्टूल ठेवले आहे, पण ते तिला अजून पसंत नाही.

आठवड्यानंतरचे मोजमाप : मुठीपाशी खेळ तेवढाच, खाचेच्या कडेवर नवी खूण नाही, खाली चुरा नाही. पुढचे मोजमाप दिवाळीच्या सफाईत.

आज सकाळी आईने दांडीला धरून उठणे जमवले. दार मात्र ती अजूनही उचलूनच लावते. त्याने नव्या बुशावरचा ताण उलट कमीच होतो, म्हणून मी काही बोललो नाही.